पक्षी गाणं कसं शिकतात, आणि जोडीने कसं गातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं रविवारी सकाळी पक्षी बघायला येणाऱ्या मंडळींबरोबर मी फिरतो. रंग, चोच, शेपटी यांबद्दलच्या शंका पुस्तक उघडलं की मिटतात. आवाजाबद्दलच्या मिटत नाहीत, आणि दर रविवारी त्याच येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. जोडीने गाणाऱ्या पक्ष्यांवर मी जरा जास्तच रेंगाळलोय, कारण मला स्वतःला त्याचंच वेड आहे.

पक्ष्याची हाक आणि पक्ष्याचं गाणं, यात फरक काय?

मांजर दिसल्यावर बुलबुल जो कलकलाट करतो ती हाक. छोटी, कामापुरती, बहुतेक वेळा जन्मजात. गाणं लांब असतं, त्याला रचना असते. हद्द सांगणं आणि जोडीदार मिळवणं ही त्याची मुख्य कामं. दोहोंमधली रेघ काही फार पक्की नाही.

सगळेच पक्षी गाणं शिकतात का?

नाही. जगात पक्ष्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांत आवाज ऐकून शिकणारे मोठे गट तीनच: पोपट, हमिंगबर्ड आणि शास्त्रज्ञ ज्यांना ‘गाणारे पक्षी’ म्हणतात तो प्रचंड गट. या तिसऱ्या गटात दयाळ, बुलबुल, शिंपी, चिमणी, मैना येतात, आणि कावळाही येतो. कोकीळ मात्र येत नाही. म्हणजे शास्त्राच्या लेखी कावळा गायकांच्या घरातला आणि कोकीळ बाहेरचा.

हे ऐकून दर वेळी कोणीतरी माझ्याशी वाद घालतं. पण कोकिळेचं पिल्लू वाढतं कावळ्याच्या घरट्यात. कावळ्याच्या चोचीतून खातं, कानावर रात्रंदिवस ‘काव काव’. तरी मोठा झाल्यावर नर ‘कुहू’च म्हणतो. त्याला कोणी शिकवलेलं नसतं, ते तो घेऊनच येतो. आणि हो, आंब्यावर बसून जी ‘कोकिळा’ गाते असं आपण म्हणतो तो नर असतो. मादी नुसतं ‘किक किक किक’ करते.

बाकीचे शिकतात हे कशावरून ठरलं?

केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच नावाच्या युरोपातल्या छोट्या पक्ष्यावर प्रयोग केले. आवाजाचं चित्र काढणारं यंत्र तेव्हा नुकतंच हाताशी आलं होतं. त्यामुळे ‘मला असं ऐकू आलं’ या भांडणातून सुटका झाली, गाणं कागदावर उमटायला लागलं. थॉर्प यांनी पिल्लं मोठ्या चॅफिंचांपासून दूर, हाताने भरवून वाढवली. ती मोठी होऊन गायली, पण कसं? गाण्याची लांबी साधारण बरोबर, आतली कलाकुसर गायब. मुखडा आहे, बोल नाहीत, असं काहीसं.

पुढचा घाव मासाकाझु कोनिशी यांचा, १९६५ सालचा. त्यांनी अमेरिकेतल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या चिमणीची पिल्लं घेतली. या पिल्लांनी मोठ्यांचं गाणं ऐकलं होतं, पण स्वतः गायला सुरुवात केली नव्हती. त्या टप्प्यावर त्यांची श्रवणशक्ती काढून घेतली. प्रयोग क्रूर वाटतो, मलाही वाटतो. पण त्यातून कळलं ते मोठं होतं. ही पिल्लं कधीच नीट गाऊ शकली नाहीत. गुरूचं गाणं डोक्यात साठवलेलं असून भागत नाही. आपल्या गळ्यातून काय निघतंय ते कानाने ऐकून त्या साठवणीशी ताडून बघावं लागतं.

पिल्लू नेमकं शिकतं कसं?

आधी ऐकतं, मग बरळतं, मग जमवतं.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो झेब्रा फिंचवर. मूळ ऑस्ट्रेलियाचा पक्षी, आपल्याकडे पक्ष्यांच्या दुकानात पिंजऱ्यात दिसतो तोच, लाल चोचीचा. यात फक्त नर गातो. पिल्लू साधारण २५व्या दिवसापासून ६५व्या दिवसापर्यंत मोठ्या नराचं, बहुधा बापाचंच, गाणं टिपून घेतं. पस्तिशीच्या दिवसांत स्वतःची पुटपुट सुरू होते. नव्वदाव्या दिवसाच्या सुमाराला गाणं घट्ट होतं, आणि मग आयुष्यभर तेच. व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोचं आणखी नवल: ते पहिल्या दोनेक महिन्यांत ऐकतं आणि गायला लागतं ते काही महिन्यांनी, निव्वळ आठवणीवर. कॅनरीसारखे काही पक्षी मात्र दर हंगामात गाण्यात नवी भर घालतात. शिकण्याचं दार त्यांच्यासाठी बंदच होत नाही.

ही पुटपुट ऐकायला कुठे लांब जायला नको. आमच्या सोसायटीच्या मागे शेवग्याचं झाड आहे. एका जूनमध्ये त्यात दयाळाचं त्या वर्षीचं पिल्लू बसायचं. छातीवर अजून तांबूस ठिपके, शेपूट पुरती वाढलेली नाही. चोच जवळजवळ मिटलेली आणि गळा थरथरतोय. आवाज इतका बारीक, की मिक्सर चालू असला तर ऐकूच यायचा नाही. त्या गुणगुणण्यात दयाळाच्या शिळेचे तुकडे होते, पण कोणताही तुकडा कशालाही जोडलेला. मध्येच एखादी लकेर बरोबर लागायची, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा घोळ. तान्हं बाळ ‘बाबाबा दादादा’ करतं ना, तोच प्रकार. हे साम्य वरवरचं नाही, म्हणून तर माणसाच्या भाषेचा अभ्यास करणारेही झेब्रा फिंच पाळतात.

मेंदूत यासाठी वेगळी केंद्रं आहेत. फर्नांडो नॉटेबोम आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली कॅनरीच्या मेंदूत ती शोधली. त्यातलं मुख्य केंद्र एचव्हीसी या नावाने ओळखलं जातं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल. आणखी एक जोडणी अशी आहे, की ती गाण्यात मुद्दाम थोडी गडबड घालते, म्हणजे नवीन काही करून बघता येतं. मोठा झेब्रा फिंच एकटा असताना जरा सैल गातो. मादी समोर आली की तेच गाणं रेखीव होतं. रियाज वेगळा, मैफल वेगळी!

झोपेतही हे थांबत नाही. गाताना ज्या क्रमाने चेतापेशी चेततात तसाच क्रम झोपलेल्या झेब्रा फिंचच्या मेंदूत उमटतो, हे शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं.

गावोगावी बोली बदलते तसं पक्ष्यांचंही होतं का?

होतं. पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोंच्या बोली १९६०च्या दशकात नोंदवल्या. थोडं अंतर गेलं की गाण्याचा ढंग वेगळा. शहराच्या गोंगाटाचाही परिणाम होतो. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट हा पक्षी गोंगाटाच्या जागी अधिक वरच्या पट्टीत गातो, हे २००३ साली प्रसिद्ध झालं. वाहनांची घरघर खालच्या पट्टीत असते, तिच्यावरून आवाज जायला हवा ना.

गातो तो नरच ना?

हा समज युरोप आणि उत्तर अमेरिकेतून आला. पक्षीगायनाचा अभ्यास तिथे सुरू झाला आणि तिथल्या पुष्कळ जातींत खरंच नरच गातो. मग उरलेल्या जगालाही तोच नियम लावला गेला. २०१४ साली जगभरच्या गाणाऱ्या पक्ष्यांची नोंद तपासली तेव्हा पाहिलेल्या जातींपैकी ७१ टक्के जातींत मादीही गाते असं निघालं. इतकंच नाही, या सगळ्या गटाच्या मूळ पूर्वजातच नर-मादी दोघंही गात असावेत, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. म्हणजे ‘मादी का गाते?’ हा प्रश्नच उलटा होता. विचारायला हवं होतं ते, काही जातींत तिने गाणं का सोडलं.

जोडीचं गाणं म्हणजे नेमकं काय? दोघं एकाच वेळी ओरडले की झालं?

नाही. एकाच्या गाण्यात दुसऱ्याचं गाणं ठरलेल्या जागी बसावं लागतं.

आंबोलीला पावसाळ्यात ऐकलेलं सांगतो. धुकं इतकं, की समोरची करवंदाची जाळी अर्धीच दिसत होती. आतून आवाज आला, ‘ऊप्-पु-पु-पु’, आणि त्याच्या शेपटीलाच ‘क्रु-क्रु’. वाकड्या पिवळ्या चोचीचा सिमिटर बॅबलर, सातभाईचा नातलग. मी वहीत लिहिलं: एक पक्षी. मग पाय घसरला म्हणून चार पावलं बाजूला सरकलो आणि गाणं मधोमध तुटलं. ‘ऊप्-पु-पु-पु’ डावीकडून, ‘क्रु-क्रु’ उजवीकडून. पहिला भाग नर म्हणतो, दुसरा मादी. सरळ रेषेत उभा होतो म्हणून मला दोघांचा एक पक्षी वाटला होता.

जगातल्या साधारण १८ टक्के जातींत जोडीचं गाणं आहे. त्यांतल्या पुष्कळशा उष्ण कटिबंधात राहतात, वर्षभर एकाच हद्दीत मुक्काम करतात आणि जोडीदार फारसा बदलत नाहीत.

यातला सर्वांत पक्का गायक कोण?

माझं मत विचाराल तर इक्वेडोरचा प्लेन-टेल्ड रेन.

रेन म्हणजे मुठीत मावेल असा तपकिरी पक्षी. प्लेन-टेल्ड रेन अँडीज पर्वताच्या उतारांवर चुस्किया नावाच्या बांबूच्या गचपणात राहतो. हाताच्या अंतरावरचंही दिसू नये असं ते बन. नर एक तुकडा म्हणतो, मादी पुढचा, पुन्हा नर, पुन्हा मादी. सेकंदभरात पाळी एकाहून अधिक वेळा बदलते. मध्ये फट नाही, एकावर एक चढणंही नाही. नवख्या माणसाला एकच पक्षी गातोय असं वाटतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

आपण पटकन ‘जुगलबंदी’ म्हणतो. मला तो शब्द इथे पटत नाही. जुगलबंदीत दोघं स्वतंत्र कलाकार असतात, एक थांबला तरी दुसऱ्याचं गाणं पूर्ण असतं. हे त्यापेक्षा जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींसारखं आहे. खुंटा एकच. हिने ओढला की तिने पुढे न्यायचा, आणि हात थांबला की दळण थांबलं.

हे पक्षी कधीकधी गटानेही राहतात, आणि तेव्हा जे होतं ते २००६ साली प्रसिद्ध झालं. गाण्याचे चार भाग: क, ख, ग, घ. क आणि ग नरांनी म्हणायचे, ख आणि घ माद्यांनी. गटातले सगळे नर मिळून एका सुरात क म्हणतात, सगळ्या माद्या मिळून ख, पुन्हा नर ग, माद्या घ, आणि परत पहिल्यापासून. भजनी मंडळाला टाळकरी असूनही हे दर वेळी जमत नाही, असं आमच्यातले एक बुवाच म्हणाले.

पण इतका नेमका ताल जमतो कसा?

अंटिसाना ज्वालामुखीच्या उतारावर एरिक फॉर्च्यून, मेलिसा कोलमन आणि सहकाऱ्यांनी याच रेनवर काम केलं. ते २०११ साली प्रसिद्ध झालं. रानात ध्वनिमुद्रण करताना एक गोष्ट दिसली. मादी एकटी गाते तेव्हा आपले तुकडे म्हणते आणि नराच्या जागा मोकळ्या सोडते. नर कधी त्या जागा चुकवतो, आणि मग गाणं विस्कटतं. म्हणजे मुख्य गाणारी ती, साथीला तो.

मग त्यांनी काही पक्षी पकडून, भूल देऊन, त्यांना वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ऐकवली आणि एचव्हीसीमधल्या चेतापेशी कशाला दाद देतात ते मोजलं. एकट्याने गाणाऱ्या जातींमध्ये या पेशी सर्वांत जोरात चेततात त्या पक्ष्याच्या स्वतःच्या गाण्याला. इथेही तसंच होईल अशी अपेक्षा होती. झालं वेगळंच. नर असो की मादी, पेशींची सर्वांत मोठी दाद मिळाली ती दोघांच्या पूर्ण गाण्याला. जे गाणं त्या पक्ष्याने एकट्याने कधीच गायलेलं नाही, त्याची ठेव दोघांच्याही डोक्यात होती. अभ्यासातली ही एकच गोष्ट मला कोणी निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

दहा वर्षांनी, २०२१ साली, याच मंडळींनी जाग्या, गाणाऱ्या जोड्यांच्या मेंदूतले संदेश नोंदवले. स्वतः गाताना एचव्हीसी जोरात चालतं. जोडीदाराचा तुकडा सुरू झाला की ते नुसतं शांत होत नाही, नेहमीच्या पातळीच्याही खाली दाबलं जातं. दाबणारा असतो जोडीदाराचा आवाज. तो थांबला की दाब सुटतो आणि आपला तुकडा उसळून बाहेर येतो. ‘तू थांब, आता मी’ असं ठरवण्यासाठी विचार करावा लागत नाही, ऐकणंच ते काम करतं.

यात अंतराचाही हिशेब आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. जोडीदार १० मीटरवर असला तर त्याचा आवाज पोचायलाच सुमारे ३० मिलिसेकंद लागतात, आणि आपला त्याच्यापर्यंत पोचायला तितकेच. त्यामुळे आतलं घड्याळ कितीही पक्कं असलं तरी नुसत्या घड्याळावर हा ताल चालणार नाही. कान हवाच.

आफ्रिकेतूनही याला दुजोरा मिळाला. कालाहारीतला व्हाइट-ब्राउड स्पॅरो-वीव्हर, आपल्या सुगरणीचा लांबचा भाऊबंद. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी मोकळ्या उडणाऱ्या जोड्यांवर चिमुकली यंत्रं बसवली. एकाने सुरुवात केली आणि दुसरा सामील झाला की दोघांच्या मेंदूतली लय एकमेकींशी जुळते, असं २०१९ साली त्यांनी दाखवलं.

जोडीचं गाणं शिकावं लागतं का, की जोडी जमली की आपोआप येतं?

शिकावं लागतं, आणि स्वतःचे तुकडे पाठ असले तरी वेगळं शिकावं लागतं. कोस्टा रिकातल्या केनब्रेक रेनमध्ये प्रत्येक जोडीची एक संहिता असते: त्याने अमुक म्हटलं की तिने तमुकच म्हणायचं. पिल्लं मोठ्यांबरोबर गाऊन ही शिस्त उचलतात. सुरुवातीला ती मोठ्यांच्या गाण्यावर चढून गातात आणि भलतंच उत्तर देतात, हळूहळू पाळी सांभाळायला लागतात. जोडीदार बदलला तर मोठे पक्षीही नव्या जोडीदाराबरोबर नवी संहिता बसवतात.

लग्नानंतर दोन घरांच्या आमट्यांची एक आमटी व्हायला किती दिवस लागतात, ते ज्याचं त्याने आठवावं.

ते प्रेमाने गातात ना?

ऐकायला तसं वाटतं खरं. पण जोडीचं गाणं बहुतेक वेळा शेजाऱ्यांसाठी असतं: ही हद्द आमची, आणि आम्ही दोघं आहोत. ऑस्ट्रेलियातल्या मॅगपाय-लार्कवर केलेल्या प्रयोगात, नीट जुळलेलं गाणं ऐकवल्यावर हद्दीतले पक्षी विस्कळीत गाण्यापेक्षा जास्त बिथरले. जास्त काळ एकत्र असलेल्या जोड्या जास्त नेमकं गातात, आणि समोरच्याला ते कळतं. दाट झाडीत ‘कुठे आहेस?’ ‘इथेच’ एवढ्यासाठीही हे गाणं उपयोगी पडतं.

प्रेमाची बाजू हवीच असेल तर पेरूमधल्या वॉर्ब्लिंग अँटबर्डची गोष्ट ऐका. परकी जोडी हद्दीत आली की हे नवरा-बायको शहाण्यासारखं पाळीपाळीने गातात. पण एकटी परकी मादी आली, की बायको नवऱ्याच्या गाण्यावरच आपलं गाणं चढवते, म्हणजे त्याची जाहिरात त्या बाईपर्यंत नीट पोचू नये. नवराही कमी नाही, तो आपली वेळ बदलून त्यातून वाट काढतो. हा अभ्यास २००९ सालचा. अँटबर्ड हे ऐकून शिकणाऱ्या गटातले नाहीत, तेव्हा या भांडणाला शिक्षण लागत नाही असं समजायला हरकत नाही.

गोंदियाचे सारस जोडीने ओरडतात, ते हेच का?

जोडीचं गाणंच आहे ते. माना वर करून दोघं एकत्र साद घालतात आणि लांबवर ऐकू जाते. पण सारस गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातला नाही, त्याला ती साद गुरूकडून शिकावी लागत नाही.

मुळात शिकायची भानगड कशाला? जन्मजात गाणं सोपं नाही का?

सोपं आहे, म्हणूनच बहुतेक प्राण्यांनी तेच धरलंय. शिकण्याचे फायदे काय यावर एकमत नाही. एक म्हणणं असं, की त्या जागेला आणि तिथल्या गोंगाटाला साजेसं गाणं घेता येतं. दुसरं असं, की लहानपणी खायला कमी मिळालं तर मेंदूची ही केंद्रं नीट वाढत नाहीत. मग गाण्यावरून मादीला नराचं बालपण कळतं. ती प्रगतीपुस्तकासारखं ऐकत असते म्हणा. मला दुसरं जास्त पटतं. पण दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

शिकवणारा कोणी उरलाच नाही तर?

याची दोन टोकं बघा. न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगात एकटा वाढलेला, वेडंवाकडं गाणारा झेब्रा फिंच गुरू म्हणून दिला. शिष्याने ते उचललं, पण थोडं सुधारून. त्याच्याकडून पुढच्याने घेतलं, आणखी थोडं सुधारून. तीन-चार पिढ्यांत गाणं रानातल्या झेब्रा फिंचच्या जवळ आलं. २००९ सालचा हा अभ्यास. म्हणजे कोऱ्या पाटीवरही आखलेल्या ओळी असतात.

दुसरं टोक ऑस्ट्रेलियातल्या रीजंट हनीईटरचं. पक्षी इतके कमी उरलेत, की तरुण नरांना आपल्या जातीचं गाणारं कोणी भेटतच नाही. काही नर दुसऱ्याच जातीच्या पक्ष्यांची गाणी गातात, हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. आता तिथे प्राणिसंग्रहालयात वाढवलेल्या पिल्लांना रानात सोडण्याआधी योग्य गाणं ऐकवून शिकवतात.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावलं तर चालेल का?

विणीच्या काळात नको. मोबाइलमधला आवाज त्याच्यासाठी हद्दीत घुसलेला परका असतो. तो खाणं सोडून, पिल्लं सोडून भांडायला येतो, आणि तुम्हाला वाटतं काय छान जवळ आला. जोडीने गाणाऱ्या पक्ष्यांत तर दोघंही येतात, घरट्यावर कोणीच राहत नाही. आवाज ओळखायला शिकायचा असेल तर घरी, कानात हेडफोन घालून. रानात गेलात की फोन खिशात ठेवा, गाणं ऐकू आलं की डावीकडे चार पावलं सरका, आणि ते दोन ठिकाणांहून येतंय का बघा.